देवीशेजारचा फलक

गफूर पेंटर स्टुलावर चढला तेव्हा माझ्या हातात ओलं फडकं होतं आणि तोंडाला मौन होतं.

आमच्या डाळ मिलच्या दारातून आत आलं की समोरच्या भिंतीवर तुळजाभवानीची तसबीर होती. ती पुसायची, हळदीकुंकू वाहायचं, दिवा लावायचा आणि मगच कामाला हात घालायचा, हा माझा नेम. अंथरुणातून उठल्यापासून तो दिवा लागेपर्यंत मी एक अक्षर बोलत नसे आणि पाण्याशिवाय काही घेत नसे. दिवसाचा पहिला शब्द देवीचा. लग्न होऊन लातुरात आले तेव्हा सासूबाईंनी हा नेम माझ्या पदरात घातला. मिलमध्येही सगळे तो सांभाळून घेत. सकाळी मला कुणी काही विचारत नसे.

त्या सकाळी नागनाथ मुनीमांनी विचारलं. म्हणजे सगळ्याच बायांना विचारलं, पण बघितलं माझ्याकडं.

"बोला, कुणाचं नाव लिहायचं? गफूरभाईला पुढं अजून दोन दुकानं करायचीत."

आदल्या आठवड्यात कारखाने तपासणारे सरकारी साहेब येऊन गेले होते. कामगारांचे सुरक्षेचे हक्क लिहिलेला फलक मिलमध्ये कुठंच नाही म्हणून ते मुनीमांवर रागावले. मराठीत पाहिजे, मोठ्या अक्षरात पाहिजे, आणि सगळ्यांच्या नजरेला रोज पडेल अशा जागी पाहिजे, असं बजावून गेले. मुनीमांनी विचार केला, रोज सगळ्यांची नजर कुठं जाते? देवीकडं. मग देवीच्या शेजारीच खिळा ठोकला आणि पत्र्याचा पांढरा फलक टांगला. वर निळ्या अक्षरात हक्क, आणि तळाला रिकामी जागा : कामगार प्रतिनिधी. कामगारांनी निवडलेल्या माणसाचं नाव तिथं यायचं होतं.

सगळ्या बाया माझ्याकडं बघू लागल्या. डाळ निवडायला बसणाऱ्यांत मीच जुनी. कुणाच्या उपासाला काय चालतं, कुणाच्या लेकराची दृष्ट काढायची, कुणाच्या सासूला कसं समजवायचं, सगळं माझ्यापाशी यायचं. मी तसबीर पुसत राहिले आणि वाट बघत राहिले. अक्कांचं लिहा, एवढंच कुणीतरी म्हणायचं होतं. माझ्या शेजारी बसणाऱ्या शालनचं तोंड उघडलेलं मी तसबिरीच्या काचेत बघितलं.

"माझं लिवा," सोजर म्हणाली.

ही सोजर दिवाळीनंतर कामाला लागलेली. दात मिश्रीनं काळे, कुंकू रुपयाएवढं, आणि बोलणं असं की यंत्र चालू असतानाही पलीकडच्या गोदामात ऐकू जावं. बाया हसल्या.

"हसायला काय झालं? कुणी बोलंना म्हणून मी बोलले. अक्का बोलत असल्या तर अक्कांचं लिवा." ती माझ्याजवळ आली. "अक्का, हो म्हणा की."

मी समईकडं बोट केलं. वात अजून कोरडी होती.

"अहो अक्का, नुसती मान हालवा," मुनीम म्हणाले.

आता, मौनात मान हलवली तर मौन मोडतं का, हे मी कधी कुणाला विचारलं नव्हतं. आणि स्वतःचं नाव लिहा म्हणून स्वतःच मान हलवायची, तीही देवीसमोर, हे मला होईना. मी वात तेलात बुडवली.

"लिहा हो गफूरभाई, सोजरचं," मुनीम वैतागून म्हणाले.

मी काडी ओढून दिवा लावेपर्यंत त्यानं लाल रंगात 'सोजर दगडू सुरवसे' पुरं केलं होतं.

"आई राजा उदो उदो," मी म्हणाले.

गफूरभाई स्टुलावरून वळला. "अक्का, आता बोलून काय उपयोग?"

सगळ्या हसल्या. मीही हसले. हसायला लागतंच.

मुनीमांचा हिशेब एका बाबतीत चुकला. देवीकडं सगळे येतात खरं, पण देवीपुढं माणसं डोळे मिटतात. फलक कुणी वाचलाच नाही. उलट देवीला हात लावला की तोच हात बाया फलकाच्या पत्र्याला लावायच्या आणि कपाळाला न्यायच्या. पहिल्याच मंगळवारी शालननं त्याच्या कोपऱ्याला कुंकवाचं बोट टेकवलं. दोन महिन्यांत तो फलक देवीच्या घरचाच कुणीतरी होऊन बसला.

माझे मात्र डोळे मिटेनासे झाले.

हात जोडले की नजर खाली सरकायची, लाल अक्षरांवर. सोजर दगडू सुरवसे. माझं मौन देवीसाठी होतं आणि त्या मौनाचा घास ही खाऊन गेली, असं मनात यायचं. मी नजर वर ओढून आणायची, ती परत खाली. मग तिच्या नावावर नजर नको म्हणून मी वरच्या निळ्या ओळी वाचायची. चालू यंत्राखाली झाडलोट करायला लावू नये. यंत्राच्या फिरत्या भागांना पक्के आवरण असावे. इजा झाल्यास उपचार मालकाने करावेत. तक्रार केली म्हणून कामावरून काढता येणार नाही. चार इयत्ता शिकलेली मी, पोथी वाचायची सवय. रोज वाचलं की पाठ होतंच. देवीच्या स्तोत्रात मधेच 'पक्के आवरण असावे' यायला लागलं तेव्हा मी कानाला हात लावला. पण दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

आणि जेवणाची सुट्टी. पूर्वी माझ्याभोवती डबे उघडायचे. आता सोजरच्या ठेच्याभोवती उघडायला लागले. मी उपासतापासाची म्हणून जरा बाजूला बसायची, तशी तर मी आधीही बसायची. तेव्हा ते बाजूला वाटलं नव्हतं. सोजर मालकांची चालण्याची नक्कल करायची, मुनीमांच्या शिंकेची करायची, आणि शालनला तर पाणी पितापिता ठसका लागायचा. एकदा माझीही केली असणार, कारण मी वळले तेव्हा सगळ्या एकदम गप्प झाल्या.

एका सकाळी दिवा लागल्यावर ती माझ्या मागं येऊन उभी राहिली.

"काय वाचायलाव अक्का?"

"काही नाही. हात जोडायलेय."

ती माझ्या हाताकडं बघून गेली. हातात फडकं होतं.

मग ती शालनची गोष्ट झाली. आमच्या मिलमध्ये तूर वर चढवायला एलिव्हेटर होता आणि त्याचा पट्टा उघडाच फिरायचा. त्याच्या खाली तूर सांडायची. यंत्र थांबवलं की काम खोळंबतं, म्हणून चालू पट्ट्याखालूनच बाया वाकून झाडून घ्यायच्या. सगळ्यांनी केलेलं काम, मीही केलेलं. त्या दिवशी शालन वाकली आणि तिचा पदर पुलीनं धरला. ती ओरडलीसुद्धा नाही. नुसती ओढली जायला लागली. सोजरनं धावत जाऊन खटका पाडला. पट्टा थांबला तोवर शालनचा गाल पट्ट्यापासून वीतभर उरला होता आणि अर्धा पदर पुलीभोवती दोरासारखा गुंडाळला होता.

शालनला आम्ही पाणी पाजलं. ती म्हणत होती, "नवी होती साडी, नवी होती." दुसरं काही नाही.

सोजरनं उरलेला पदर फाडून सोडवला आणि सरळ माझ्याकडं आली.

"अक्का, त्या पत्र्यावर पट्ट्याचं काय लिवलंय?"

"मला काय ठाऊक?"

"तुम्ही रोज वाचताव. मला माझं नाव सोडून दुसरं काही वाचता येत न्हाई. सांगा."

मला तोवर माहीतच नव्हतं, की तिला वाचता येत नाही. प्रतिनिधी म्हणून नाव हिचं, आणि नावाच्या वर काय लिहिलंय ते हिला ठाऊक नाही. क्षणभर फार बरं वाटलं. पण शालन समोर बसली होती, अंगावर निम्मी साडी.

"यंत्राच्या फिरत्या भागांना पक्के आवरण असावे," मी म्हणाले. "आणि चालू यंत्राखाली झाडलोट करायला लावू नये."

"परत म्हणा."

मी परत म्हटलं. तिनं ओठ हलवून घोकलं, आणि ते फाटकं चिरगूट मुठीत धरून ती मालकांच्या, उमाकांत शेठच्या केबिनमध्ये गेली. दार बंद होतं, तरी आम्हाला शब्दन् शब्द ऐकू आला. माझी ओळ तिच्या गळ्यातून अशी निघाली की बाहेर उभे हमालसुद्धा थांबले. बाहेर आल्यावर बायांनी तिला गराडा घातला. कुणी म्हणालं, सोजरबाई, कसं गं तुला हे सगळं येतं? सोजरनं माझ्याकडं बघितलं. सांगेल म्हणून मी वाट बघितली.

"येतंय म्हणून तर नाव लिवलंय," ती म्हणाली.

त्या मंगळवारी उमाकांत शेठनी मला केबिनमध्ये बोलावलं. आधी कधी बसायला सांगितलं नव्हतं, त्या दिवशी खुर्ची दिली. मालक तसे कडू माणूस नव्हते. देवीच्या हाराला कधी नाही म्हटलं नाही, आणि मी दिलेला खडीसाखरेचा प्रसाद रोज उठून, दोन्ही हात पुढं करून घ्यायचे.

"अक्का, देवीच्या शेजारी ते नाव बरं दिसत नाही. मला पहिल्यापासून वाटतं, तिथं तुमचं पाहिजे होतं."

मी खाली बघत राहिले. एवढे महिने जे वाक्य ऐकायला कान आसुसले होते, ते हेच.

"बाई कशी असावी? तुमच्यासारखी," मालक म्हणाले. "इतकी वर्षं आहात, तुमचा आवाज मला ऐकू आलेला नाही. ती काल केवढ्यानं बोलत होती, ऐकलंत ना? साहेब तपासणीला आल्यावर हिनं असं तोंड सोडलं तर? तुमचं नाव असलं की मला काळजी नाही."

मी म्हणाले, "बायांना विचारायला पाहिजे."

"मुनीम विचारतील. तुमची हरकत नाही ना?"

"नाही," मी म्हणाले.

मुनीमांनी दुपारी विचारलं. मी बोलू शकत होते अशा वेळी. बाया एकमेकींकडं बघायला लागल्या, आणि पुन्हा सोजरच बोलली.

"लिवा अक्कांचं. तवाच लिवायचं होतं."

हवं ते मिळालं, पण तिनं ताटातली भाकरी उचलून द्यावी तसं. तो घास गोड लागला असं म्हणवत नाही.

गफूरभाईनं तिच्या नावावर पांढरा हात मारला आणि माझं नाव लिहिलं. प्रयाग केरबा माने. माझ्यासाठी त्यानं अक्षराला पिवळी छटा दिली, 'प्र'ला खाली मोराच्या मानेसारखा वळसा काढला. "उशीर झाला अक्का, पण झकास झालं," तो म्हणाला.

दुसऱ्या सकाळी दिवा लावला. आई राजा उदो उदो. डोळे मिटून बघितले, मिटेनात. आता माझंच नाव होतं, तरी नजर त्याच्या वरच गेली. निळ्या ओळींवर. त्या ओळींच्या खाली आता मी होते.

मी प्रसाद घेऊन केबिनमध्ये गेले. मालकांनी उठून हात पुढं केले.

"मालक, पट्ट्याला पक्कं आवरण पाहिजे."

"हो हो, बघू की अक्का." ते हसले.

तिसऱ्या दिवशीही मी तेच म्हटलं, त्याच आवाजात. चौथ्या दिवशीही. मला दुसरं काही येत नव्हतं. नेम तेवढा येत होता. दिवसाचा पहिला शब्द देवीचा, दुसरा मालकांचा, आणि मग घास. मालक आले नाहीत तर मी केबिनच्या दाराशी प्रसादाची वाटी घेऊन बसायची. कामाची वेळ झाली की काम करायची, पण खायची नाही. ते आले की म्हणायची, "पट्ट्याला आवरण," आणि जाऊन डबा उघडायची. मुनीम म्हणाले, "अक्का, तुम्ही मालकांना पंचाईतीत पाडताव." मी म्हणाले, "मी काही बोलते का?"

मालकांनी मग दुसरीकडून घाव घातला. शनिवारी सुट्टी होताना मुनीमांनी सोजरला सांगितलं, सोमवारपासून येऊ नको, काम कमी आहे. तिचं नाव आता फलकावर नव्हतं. ती कुणी नव्हती.

मी घरी गेले ती हलक्या पावलांनी. खोटं कशाला सांगू? रविवारी मी पुरणाचा स्वयंपाक केला. भिंत माझी, देवी माझी, शालनचा डबा पुन्हा माझ्या शेजारी. पुरण वाटताना मी चक्क गुणगुणले. सोजरचा नवरा दमेकरी आहे आणि चूल तिच्या एकटीच्या हातावर चालते, हे मला ठाऊक होतं. ते मी पाट्याखाली दाबून ठेवलं होतं म्हणा.

सोमवारी मिलवर आले तर ती दाराबाहेर उभी. हातात डबा. रखवालदार तिला आत सोडत नव्हता आणि ती जातही नव्हती. आयुष्यात पहिल्यांदा तिला मी गप्प बघितलं. मी मौनात, तीही मौनात. एकमेकींकडं बघितलं आणि मी आत गेले.

तसबीर पुसली. दिवा लावला. उदो म्हटलं. मग खाली बघितलं, माझ्या मोराच्या मानेच्या बरोबर वरची ओळ. तक्रार केली म्हणून कामावरून काढता येणार नाही. पंचांगात तिथी असावी तशी स्वच्छ. आणि खाली नाव माझं, म्हणजे ते मीच म्हणत असल्यासारखं.

मालक केबिनमध्ये होते.

"पट्ट्याला आवरण पाहिजे," मी म्हणाले.

"हो, ऐकलं." ते प्रसाद घेऊन बसले. मी उभीच. "अजून काय?"

मी प्रसादाची वाटी दोन्ही हातांत धरली.

"सोजरला आत घ्या. तक्रार केली म्हणून काढता येत नाही."

"अक्का, तुम्हीसुद्धा? अहो, तुमच्यासाठीच तर तिला बाजूला केलं."

"तसं फलकावर लिहिलंय. खाली माझं नाव आहे."

"मग?"

"मग काही नाही. मी इथं बसते. घाई नाही."

मी त्यांच्या समोर खाली जमिनीवर बसले. त्यांनी फोन केले, मी बसले होते. व्यापारी आले, माझ्याकडं बघून गेले. मी मनात स्तोत्र म्हणत होते आणि ते आता न अडखळता येत होतं. दुपारी मालकांच्या घरून डबा आला. चार पुडांचा, पितळी. त्यांनी वरचं झाकण काढलं. वरणाचा वास सगळ्या केबिनभर झाला.

"अक्का, तुम्ही जेवलात?"

"तुम्ही जेवा मालक. माझा नेम आहे."

त्यांनी झाकण परत लावलं. थोड्या वेळानं परत काढलं. कपाळाला मळवट भरलेली, सकाळपासून उपाशी, देवीचा प्रसाद मांडीवर घेतलेली बाई समोर बसली असताना लातुरात कुणी मालक घास मोडू शकेल असं मला वाटत नाही. उमाकांत शेठनी डबा ढकलला, उठले, खिडकीशी गेले. खिडकीतून दार दिसायचं आणि दाराशी सोजर.

"मुनीमजी," ते ओरडले, "तिला आत घ्या. आणि वेल्डरला सांगून ती जाळी बसवून टाका एकदाची. जेवू द्या मला."

"जेवा मालक," मी म्हणाले आणि उठले. गुडघे धरले होते.

जाळी त्याच आठवड्यात बसली. पिवळ्या रंगाची, भक्कम. मी तिला हळदीकुंकू वाहिलं. त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत सोजरनं मालकांची नवी नक्कल केली, झाकण काढणं, लावणं, वास घेणं, परत लावणं, तोंड इतकं केविलवाणं की हमालही येऊन बसले. बाया लोटपोट. शालन तिच्या पाठीवर थाप मारत म्हणाली, "सोजरबाई, तू होतीस म्हणून झालं गं हे सगळं."

सोजर ठेचा वाढत राहिली. मी बाजूला बसून साबुदाणा खात होते.

मिल बंद पडून आता बरीच वर्षं झाली. सोजर लेकाकडं पुण्याला गेली. पण त्यानंतरची ती एक सकाळ मला तसबिरीसारखी दिसते. त्या दिवशी मला यायला उशीर झाला होता. दारातून आत आले तर सोजर माझ्याआधी देवीपुढं उभी. कधी न येणारी. मान जरा खाली, डोळे टक्क उघडे, आणि नजर देवीच्या खाली, डावीकडं, जिथं पांढऱ्या रंगाखाली तिची लाल अक्षरं अजून पुसट दिसायची आणि वर माझ्या 'प्र'चा मोर होता. तिला दुसरं काही वाचता येत नव्हतं. ती किती वेळ उभी होती कोण जाणे.

मी फडकं ओलं केलं, तसबीर पुसली, कुंकू वाहिलं, दिवा लावला. ती हलली नाही.

"आई राजा उदो उदो," मी म्हणाले. मग विचारलं, "काय बघायलीस गं?"

सोजर दचकली.

"काही न्हाई अक्का. हात जोडायलेय."

तिच्या दोन्ही हातांत डबा होता.